वसंताचे नॉर्मल रिपोर्ट

दादर, २० फेब्रुवारी १९८४

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं संक्रांतीचं पत्र येऊन महिना झाला. उत्तर द्यायला बसते आणि उठते. खुशाल आहोत असं लिहिलं असतं तर एका ओळीत काम भागलं असतं. पण तुमच्या धाकट्या भावाबद्दल तुमच्याशीच खोटं बोलले तर खरं कोणाशी बोलू?

संप सुरू झाल्याला दोन वर्षं होऊन गेली. आता तो संपलाय की चालू आहे, हेही कोणी धड सांगत नाही. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागलेत, यांच्या गिरणीच्या फाटकाला मात्र अजून साखळी आहे. असिस्टंट वीव्हिंग मास्टर म्हणजे ना धड कामगार, ना मालकाचा माणूस. मोर्चाला जाता येत नाही आणि पगारही मिळत नाही. पहिलं वर्षभर हे रोज परळपर्यंत चालत जात, फाटकाशी जुन्या माणसांत उभे राहत आणि परत येत. आता तेही बंद झालंय. गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. चेहरा भरलाय, पण तो सुखाने नाही, सुजल्यासारखा. दादरला या दिवसांत भरदुपारी कोणाला थंडी वाजते का? यांना वाजते. स्वेटर घालून बसतात. आवाज घोगरा झालाय. मी ऑफिसातून येऊन काही सांगायला लागले की "हं." दुसरं काही विचारलं की पुन्हा "हं."

चिंतामणींनी, यांच्या शाळेतल्या मित्राने, फोर्टला आपल्या कंपनीत टेबलाचं काम दिलं होतं. दोन आठवडे गेले आणि एक दिवस दुपारीच घरी आले. का सोडलं विचारलं तर म्हणाले, "जमत नाही." चिंतामणींना तोंड दाखवायची मला चोरी झालीय.

सगळे म्हणतात, संपाचा धसका घेतला. धसका घेतलेली माणसं मी या दोन वर्षांत पुष्कळ पाहिली, वन्सं. ती भांडतात, रडतात, पितात. हे काहीच करत नाहीत. पापड मोडला तरी त्यावर कोटी करणारा माणूस हा. आम्ही घरात दोघंच, त्यातला एक असा. मला घरी बसवत नाही आणि ऑफिसात लक्ष लागत नाही. तुम्ही काही सुचवा.

तुमची,
पद्मजा


अकोला, २७ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. पद्मजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, ही वसंताचं नव्हे, माझंच वर्णन करतेय. आठ वर्षांपूर्वी मी सातवीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण घालून खुर्चीवर झोपून जात असे. हेडमास्तरांना वाटायचं बाईंचा संसारात काहीतरी बिघाड आहे. बिघाड गळ्यात होता. थायरॉईड नावाची एवढीशी ग्रंथी असते, तिनं काम टाकलं की सगळं अंग संपावर जातं. (हा शब्द तुझ्या घरी वापरू नये, पण याहून नेमका दुसरा सापडत नाही.)

थंडी, सूज, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज, विसरभोळेपणा, कशातच राम न वाटणं, सगळं मला होतं. कानांनासुद्धा कमी ऐकू यायचं. मुलं मागे बसून खिदळायची आणि मला पत्ता नसायचा. गोळ्या सुरू झाल्या आणि तीन महिन्यांत मी त्यांच्यातल्या दोघांना बाकावर उभं केलं. हे दुखणं घराण्यात चालतं. आईचाही गळा शेवटी जाड झाला होता, आठवतं ना?

तेव्हा धसकाबिसका काही बोलू नकोस. रक्ताची तपासणी कर, टी-थ्री, टी-फोर आणि टीएसएच. टीएसएच नको म्हणाले तर हट्ट धर, खरी गोम त्यातच असते. आणि हे पत्र वसंताला वाचायला दे. माझा सल्ला आहे म्हटलं की तो नाक मुरडेल, पण वाचेल.

तुझी,
कालिंदी


दादर, २५ मार्च १९८४

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या तोंडात साखर पडो. तुमचं पत्र यांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि शर्ट घालून उभे राहिले. परळला रक्त दिलं. आठवड्याने रिपोर्ट आला. टी-फोर पाच ते बारा हवं ते दोन. टीएसएच पाचच्या आत हवं ते अडुसष्ट!

डॉक्टर तरुण आहेत, समजावून सांगतात. म्हणाले, टीएसएच म्हणजे डोक्याने गळ्याला मारलेल्या हाका. गळा उत्तर देत नाही म्हणून डोकं आणखी मोठ्याने हाका मारतं, म्हणून हा आकडा वाढतो. मला ती आमच्या घरचीच गोष्ट वाटली. डॉक्टर प्रश्न यांना विचारत होते आणि उत्तरं मी देत होते. हे आपले एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. पण शेवटी "बरं होईल का सगळं?" एवढं स्वतः विचारलं. डॉक्टर म्हणाले, होईल.

वन्सं, मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आजार आहे! म्हणजे मनातून उतरलेले नाहीत, माझा कंटाळा आलेला नाही, मी कमावते म्हणून राग नाही. नुसता आजार. मी येताना परळहून पेढे घेतले. असल्या रिपोर्टवर पेढे घेणारी मी पहिलीच असेन.

रोज एक गोळी सुरू झालीय. यांचे वीव्हिंग मास्टर भेटले होते. गिरणीतलं निदान एक साळखातं, म्हणजे मागांचं खातं, दिवाळीच्या आत चालू करायचं चाललंय म्हणे. यांना घेतील, फक्त गिरणीच्या डॉक्टरने पास केलं पाहिजे. तोवर हे चांगले ठणठणीत व्हायला हवेत.

तुमची,
पद्मजा


दादर, २ जुलै १९८४

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. टी-फोर आठ, टीएसएच ३.६. डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवून त्यावर टिचकी मारली. "एकदम नॉर्मल. आता सहा महिन्यांनी या."

सूज उतरलीय. पट्टा दोन भोकं आत गेला. स्वेटर ट्रंकेत गेला. आवाज मोकळा झालाय, सकाळी शिवाजी पार्कला फेरी मारून येतात. शेजारच्या राधाबाई म्हणाल्या, वसंतराव दहा वर्षांनी लहान दिसतात. सगळे माझं अभिनंदन करतात. मी हसते.

पण वन्सं, जे परत यायला हवं होतं ते आलेलं नाही. परवा मी मीठ मागितलं तर साखरेचा डबा आणून दिला. मी म्हटलं, मीठ हो. तर चिडले, "मग नीट सांग." कालची गोष्ट. ऑफिसात आमच्या सेक्शनच्या बाई मला सगळ्यांसमोर बोलल्या, ते मी यांना पोळ्या लाटता लाटता सांगत होते. सांगता सांगता मला रडू आलं. मागे वळून पाहिलं तर हे शांतपणे पेपर वाचतायत. मी किती वेळ भिंतीशी बोलत होते कोण जाणे. माणसाला थंडी वाजत असताना, सूज आलेली असताना त्याने असं केलं तर समजून घेता येतं. आता अंगात काही नाही, कागदावर नॉर्मल लिहिलंय, मग हे काय आहे?

पहिला रिपोर्ट वाईट होता तेव्हा मी पेढे आणले. हा चांगला आहे तर मला झोप नाही. सारखी उठते, पाणी पिते, गॅलरीत जाते. काय समजू मी?

तुमची,
पद्मजा


अकोला, १० जुलै १९८४

चि. सौ. पद्मजास,
अनेक उ. आ.

आधी घाबरणं थांबव. आकडा सुधारला म्हणजे माणूस त्याच दिवशी सुधारतो असं नाही. माझा टीएसएच चांगला झाल्यावरही मला जिना चढवत नव्हता. मी डॉक्टरांना म्हटलं, तुमचं मशीन खोटं बोलतंय. त्यांनी दुसरं रक्त काढलं, तर हिमोग्लोबिन सात! थायरॉईडच्या गोळीनं ते कसं वाढणार? रिपोर्ट फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, पद्मजा. जे विचारलंच नाही त्याबद्दल तो गप्पच बसतो, आणि आपण समजतो सगळं नॉर्मल.

तेव्हा तीन गोष्टी. एक, गोळी कशी घेतो ते बघ. उठल्यावर रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा नंतर. वसंता चहाबरोबर गिळत असेल. दुसरं, दुसऱ्या लॅबमध्ये एकदा तपासून घे, एखादेवेळी चूकही होते. तिसरं, हिमोग्लोबिन आणि साखर बघ.

आणि तुझं ते भिंतीचं वाचून मला वसंताचा राग आला. तो लहानपणीही असाच करायचा. आईने कामाला हाक मारली की पुस्तकात तोंड. मन लावून ऐकत नाही, दुसरं काही नाही.

तुझी,
कालिंदी


दादर, १४ ऑगस्ट १९८४

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

गोळी रिकाम्या पोटीच घेतात, नुसत्या पाण्याबरोबर. मी समोर उभं राहून पाहिलंय. गिरगावातल्या दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. टीएसएच ३.२. हिमोग्लोबिन चौदा. साखर नाही. डॉक्टर म्हणाले, "मिसेस, यांचं सगळं उत्तम आहे. तुम्हीच जरा टॉनिक घ्या." मी कागदांची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. ते कागद मला शत्रूसारखे वाटायला लागलेत. जितके चांगले तितके वाईट.

आता जे झालं ते लिहिते. मला बढती मिळालीय. पण नाशिक शाखेत जावं लागेल. होय की नाही, ते सप्टेंबरअखेर कळवायचंय. ऑर्डर घेऊन घरी आले ती सारखी मनात वाक्यं जुळवत. यांना गिरणीची आशा आहे, मी एकटीने जाणं म्हणजे काय, सगळं बोलायचं होतं. धीर होईना, म्हणून हात कामात ठेवले. ओट्याशी भांडी घासत, नळाखाली हात धरून, मागे न बघता विचारलं, "मला नाशिकला बदली आलीय. मी एकटी जाऊ का?"

हे म्हणाले, "बरं झालं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हणून पुन्हा म्हटलं, "मी गेले तर चालेल तुम्हाला?"

"चालेल की. कर तसं."

वन्सं, मी तेच एक पातेलं घासत राहिले. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. निदान "का?" तरी म्हणायचं. पूर्वी मी दोन दिवस माहेरी जाते म्हटलं तरी हे दारात आडवे पाय घालून बसत. आता मला कळलंय की यांना काही झालेलं नाही. यांना मी नकोय. ते कुठल्या लॅबमध्ये निघणार?

तुमची,
पद्मजा


अकोला, २१ ऑगस्ट १९८४

चि. वसंतास,
आशीर्वाद.

हे पत्र तुला एकट्याला आहे. पद्मजा ऑफिसात गेल्यावर पोस्टमन येतो हे मला ठाऊक आहे.

तिला बदली आली, एकटी जाऊ का म्हणून तिनं विचारलं आणि तू "बरं झालं" म्हणालास? तुला लाज कशी वाटली नाही? दोन वर्षं तिनं घर ओढलं, तुला डॉक्टरांकडे हाताला धरून नेलं, आणि आता सूज उतरल्यावर तू तिला वाटेला लावतोस? माझा भाऊ म्हणून मी तुझी बाजू घेईन असं समजू नकोस. उलट टपाली उत्तर दे, आणि खरं लिही.

तुझी ताई


दादर, २७ ऑगस्ट १९८४

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीवर बसलो तो उठलोच नाही. बदलीचं मला तुझ्याकडून कळतंय. ती ओट्याशी काहीतरी म्हणाली होती खरी. मला वाटलं, भाजी उरलीय, सकाळी डब्यात नेऊ का, असं काहीसं. तिच्या पाठीकडे बघून मी अंदाजानं बोललो. हल्ली सगळंच अंदाजानं बोलतो.

ताई, मला ऐकू येत नाही. अगदीच नाही असं नाही. समोर बसून कोणी बोललं तर ओठांवरून लावून घेतो. पाठमोरं, दुसऱ्या खोलीतून, नळ चालू असताना, काही नाही. कुजबुज तर गेलीच.

साळखात्यात सगळ्यांचं हेच होतं. शेकडो माग एकदम चालतात, तिथं देवाचीही हाक ऐकू यायची नाही. आम्ही ओठांवर आणि बोटांवर बोलायचो. मास्तरपासून जॉबरपर्यंत, म्हणजे खात्यातल्या मुकादमापर्यंत, सगळे. या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या माणसाला मी चहा सांगत असे. त्यामुळे कान जातायत हे कळायला वाव नाही. माग बंद पडले, रस्ते शांत वाटायला लागले, तेव्हा मला वाटलं संपामुळे मुंबईच गप्प झालीय. चिंतामणीच्या ऑफिसात टेबलावर टेलिफोन होता. तिथं मला कळलं की मुंबई नाही, मीच.

मग तुझं पत्र आलं. त्यात तू लिहिलं होतंस, थायरॉईडनं कमी ऐकू येतं, गोळ्यांनी तुझे कान परत आले. त्या एका ओळीसाठी मी शर्ट घालून उभा राहिलो. प्रत्येक रिपोर्टला मी एवढंच बघत होतो. आकडा उतरला, सूज उतरली, कान तिथंच. डॉक्टर नॉर्मल म्हणाले तेव्हा ती रडवेली झाली हे मी पाहिलं. मलाही तसंच झालं होतं, पण दोघांची कारणं वेगळी.

तिला सांगितलं तर ती डॉक्टरांना सांगेल, ते कागदावर येईल, आणि गिरणीच्या मेडिकलला मी बाद. साळखात्यात कान लागत नाहीत, पण फॉर्मवर लागतात. दिवाळीपर्यंत थांब. एकदा आत गेलो की सगळं सांगेन. तोवर तुला आईची शपथ, पद्माला काही कळवू नकोस. मूर्ख समजली तर चालेल, बहिरा समजून ती ओरडून बोलायला लागली तर मला सोसणार नाही.

वसंता


अकोला, ३ सप्टेंबर १९८४

चि. सौ. पद्मजास,
अनेक उ. आ.

तुझ्या पत्राचा खूप विचार केला. रिपोर्टांचं आता बाजूला ठेव, ते आपलं काम करून मोकळे झालेत. नाशिकचं उत्तर शेवटच्या दिवसापर्यंत देऊ नकोस. आणि मी सांगते तसं कर. का, ते विचारू नकोस.

वसंताशी काहीही महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हा त्याच्या समोर बस. पाठमोरी बोलू नकोस. नळ बंद कर. हातातलं काम टाक. तोंडापुढे पदर किंवा हात नको. उजेड तुझ्या तोंडावर पडेल अशी बस. एका वेळी एकच गोष्ट सांग, सावकाश, आणि त्याचं उत्तर आलं की ते त्याला नीट कळलंय का बघ. नाशिकचा प्रश्न असा एकदा पुन्हा विचार.

हे मी तुझ्या भल्यासाठी लिहितेय एवढं लक्षात ठेव. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तुझी,
कालिंदी


दादर, ११ सप्टेंबर १९८४

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. नवऱ्याशी कसं बोलावं याचे धडे या वयात मिळतील असं वाटलं नव्हतं. समोर बस, हातातलं काम टाक, सावकाश बोल, उजेडात बस! मी साडेपाचला ऑफिसातून सुटते, सातला घरी येते, आल्या आल्या ओट्याशी उभी राहते. काम टाकून पाटावर बसून बोलायचं तर जेवायला कोण घालणार? तुम्ही बाहेरून आलेल्या सुनेचीच शिकवणी घेणार, हे मला आधीच कळायला हवं होतं. शेवटी भाऊ तो भाऊ.

प्रश्न पुन्हा विचारणार नाही. एकदा विचारताना माझा जीव गेला होता. नाशिकला होकार लिहून ठेवलाय. शेवटच्या आठवड्यात देईन. यांच्या गोळ्या सहा महिन्यांच्या आणून ठेवीन, त्या चुकणार नाहीत एवढी व्यवस्था करून जाईन. तुमचा राग नाही. पण आता सल्ला नको.

पद्मजा


अकोला, १५ सप्टेंबर १९८४

चि. वसंतास,

पद्मजा जातेय. होकार लिहून झालाय तिचा. तुझी शपथ मी पाळली, आणि ती पाळण्याच्या नादात जे काही खरडलं त्यानं आगीत तेल पडलं. हे तुला साध्या कार्डावर लिहावं असंही मनात आलं होतं, म्हणजे घरात पडलेलं ते तिनंच वाचलं असतं आणि माझ्यावर बालंट आलं नसतं.

गिरणी मिळाली आणि बायको गेली, तर त्या मेडिकलात पास होऊन तू काय करणार? महिनाअखेरपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी गाडीत बसून येते. आईची शपथ मोडल्याचं पाप मी घेईन. आई मला समजून घेईल.

ताई


दादर, ३० सप्टेंबर १९८४

ती. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही गाडीत बसू नका. मला कळलंय. यांनी सांगितलं नाही, मी पाहिलं.

बुधवारी डोकं चढलं म्हणून अर्ध्या दिवसाने घरी आले. आमच्या इमारतीखाली रस्ता केवढा वाहतो ते तुम्ही पाहिलंय. ट्रक, बस, हातगाड्या, कान किटतात. पलीकडच्या फुटपाथवर काळाचौकीचे राजाराम उभे होते, यांच्या खात्यातले जॉबर. ते वर बघत होते. मी त्यांच्या नजरेमागून वर पाहिलं. हे तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभे, आणि दोघं बोलत होते. वन्सं, आवाज नाही, हाक नाही. नुसते ओठ हलत होते, मधूनच बोटं. राजारामांनी मिशीवरून हात फिरवला, पोट पुढे काढलं, कोणाची तरी नक्कल केली असावी. आणि हे हसले. मान मागे टाकून. मी अडीच वर्षांत पाहिलं नव्हतं तसे.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? संताप. त्या माणसाला अख्खं संभाषण आणि मला "हं"? तरातरा जिना चढले. दार उघडंच होतं. हे पाठमोरे. मी म्हटलं, "अहो." हलले नाहीत. पुन्हा म्हटलं, "अहो, मी आलेय." मग मी खोलीच्या मध्यात उभी राहून, राधाबाई दारात आल्या एवढ्या मोठ्याने, यांना नावाने हाक मारली. लग्नात घेतलं होतं ते नाव, पुन्हा कधी घेतलं नव्हतं. हे राजारामांकडे बघून हसत राहिले.

तेव्हा तुमचं पत्र ओळीनं आठवलं. समोर बस. नळ बंद कर. उजेडात बस. मीठ, साखर, चिंतामणींचा टेलिफोन, पेपरमागचा तो शांत चेहरा. आणि "बरं झालं." मी खाटेवर बसले. हे वळले, मला पाहिलं, आणि माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं की मला कळलंय. मग यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तुम्हाला घातलेली शपथसुद्धा.

मी रागावले. खूप रागावले, आणि तो राग यांच्याकडे तोंड करून, सावकाश, एक एक गोष्ट करून सांगितला, म्हणजे त्यातलं काही वाया जायला नको. तुमच्यावरही रागावलेय, ते दिवाळीत भेटल्यावर. पण मागच्या पत्रातलं सुनेचं आणि भावाचं जे लिहिलं ते मी परत घेते.

राजाराम आले होते ते यादी लागल्याचं सांगायला. साळखातं सुरू झालं, बाहेरून नवी पोरं घेतली. जुन्यांपैकी फार थोडे, आणि त्यात ना राजाराम ना हे. मेडिकलपर्यंत पाळीच आली नाही. ज्याच्यासाठी एवढं लपवलं ते आम्हाला कोणी विचारणारच नव्हतं. हे सांगताना यांचा चेहरा मला बघवेना. पण त्यांनीच नंतर मास्तरांची ती नक्कल करून दाखवली.

शुक्रवारी शीवला कानाची तपासणी केली. आमच्या डॉक्टरांना तिथले कागद दाखवले तेव्हा ते म्हणाले, गळ्याचं जे होतं ते आपण बरं केलं, हे कानाचं मागांच्या आवाजानं झालंय, ते गोळीनं यायचं नाही. यंत्राने थोडं सुधारेल. यांनीच विचारलं, "किती?" आणि डॉक्टर काय म्हणाले ते मी यांना सांगायला गेले तर म्हणाले, "थांब, मी बघतोय त्यांच्याकडे."

महिनाअखेर सुट्टीवर आली म्हणून उद्या ऑफिसात उत्तर द्यायचं आहे. आज रविवार, दुपारी जेवणं झाली, भांडी तशीच ठेवली. हे समोर बसले होते. राधाबाईंचं दार उघडं, त्यांच्याकडे पाहुणे. मला प्रश्न मोठ्याने विचारवेना. शिवाय तो मागचा प्रश्नच चुकीचा होता, हे मला आता कळलं होतं. म्हणून मी तो बदलला आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारला, "माझ्याबरोबर येता का नाशिकला?"

हे एकदम लाल झाले. कुमार वयातला मुलगा व्हावा तसे, पंचेचाळिशीत. आणि त्यांनी उत्तर दिलं, तेही तसंच, आवाज न करता, राजारामांशी बोलतात तसं भरभर. मला एक अक्षर कळलं नाही. मी म्हटलं, "काय?" पुन्हा सांगितलं, बोटंही नाचवली. मी म्हटलं, "अहो, मला नाही कळत. नीट सांगा ना."

तिसऱ्यांदा यांनी खरा आवाज लावला. गळा आता चांगला झालाय, आणि आपण किती जोरात बोलतो हे यांना ऐकू येत नाही. साळखात्यातला आवाज तो, राधाबाईंचे पाहुणे उठून दारात आले.

"येतो म्हणतोय ना, अगं. कितीदा सांगू?"

तुमची,
पद्मजा